वाढत्या अंगाचा कीबोर्ड

काल सकाळी स्टेशनकडे जाताना तो वास पुन्हा आला. कुठून येतोय ते आधी कळतच नाही. किन्मोकुसेई नावाचं झाड आहे इथलं, कुंपणाला लावतात. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग ऑक्टोबरात एका सकाळी त्याला तांदळाच्या कणीएवढी केशरी फुलं येतात आणि अख्खी गल्ली पिकल्या जर्दाळूसारखी गोड होऊन जाते. ऑफिसात एरवी कामापुरतं बोलणारी जपानी माणसंसुद्धा त्या दिवशी आपणहून सांगतात, 'आज वास आला हं.' सगळ्यांचे चेहरे खुलतात. कुणाला शाळा आठवते, कुणाला आजोळ.

मी खिशातून मास्क काढतो आणि नाकावर ओढून घेतो.

दोन वर्षांपूर्वी हा वास असाच पसरला होता, तेव्हा मी वाद्यांच्या दुकानांतून वेड्यासारखा हिंडत होतो. ओचानोमिझु स्टेशनातून बाहेर पडलं की उतारावर दोन्ही बाजूंना वाद्यांचीच दुकानं आहेत. काचेमागे गिटारी टांगलेल्या, आत जिने अरुंद, आणि वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कीबोर्डांच्या रांगा. त्या रांगांसमोर मी शनिवारचे शनिवार उभा असायचो. डोक्यावर दुकानाचे हेडफोन, त्यांच्या फोमला आधीच्या गिऱ्हाइकाच्या शाम्पूचा वास. गालिच्याचा वास, नव्या प्लास्टिकचा वास, आणि बाहेरून कुणी दार उघडलं की त्या फुलांचा. एका बोटानं पट्टी दाबायची, कान द्यायचा, पुढच्या कीबोर्डाकडे सरकायचं. मला सा कुठला आणि रे कुठला हे आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसांत मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं की अमुक कीबोर्डाची पट्टी जड की हलकी, कुठल्याला बोटांनी बडवायचे पॅड आहेत, कुठल्याची वायर मागून निघते आणि कुठल्याची बाजूनं, तर मी घडाघडा सांगितलं असतं.

अभ्यास करणं मला येतं. तेवढंच मला येतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वैशाली, माझी बायको, म्हणते, 'तुम्ही लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालासुद्धा सांगाल.' सांगीन. का सांगू नये? इचलकरंजीत आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं कामाला होते. दिवसरात्र खडखड. जेवताना पेल्यातलं पाणी थरथरायचं. कापसाचे बोळे कानात कोंबून मी बारावीचा अभ्यास केला. मधेच वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि अख्खी चाळ दचकून जागी व्हायची, कारण शांततेची कुणाला सवयच नव्हती. त्या खडखडाटातून मी इंजिनिअर झालो, पुण्याला नोकरीला लागलो, कंपनीनं जपानला पाठवलं. आता तोयोसुच्या काचेच्या मनोऱ्यात बसून मी दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर तपासतो. आई म्हणायची देवानं केलं. मी म्हणतो शाळेनं केलं. फळा, खडू, छडी आणि मास्तर.

म्हणून त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका सकाळी माझ्या मुलीनं, प्रज्ञानं, बूट घालता घालता 'मुरी' म्हटलं, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ माहीत असून मला कळला नाही. मुरी म्हणजे जमणार नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं होतं. मिडल स्कूलचं तिचं पहिलं वर्ष. दाराशी बूट काढायचा जो खालचा चौकोन असतो, तिथं ती एका पायात बूट घालून बसली होती. दुसरा हातात.

'काय जमणार नाही?'

'शाळा.' जपानीत. ती अगदी लहान असताना आम्ही इथं आलो. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र जपानीत. मी मराठीत विचारायचं, तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरी चालतं.

'डोकं दुखतंय?'

'बेत्सुनी.' तसं काही नाही.

'कुणी काही बोललं? त्रास देतंय कुणी?'

'बेत्सुनी.'

'अगं, मग ऊठ की. घाल दुसरा बूट. शाळेत जायला काय जमायचं असतं? पाय आहेत, चालायचं.'

तिनं घातलेला बूटही काढला, दोन्ही नीट जोडीनं भिंतीला लावून ठेवले, आणि आत जाऊन ओशिइरेत बसली. ओशिइरे म्हणजे गाद्या ठेवायचं भिंतीतलं खोल कपाट, कागदी सरकत्या दाराचं. आमची इमारत जुनी, म्हणून आमच्याकडे ते आहे. वरच्या कप्प्यात गाद्या, खालच्या कप्प्यात आता ती. उशी, लॅपटॉप, हेडफोन. जेवण वैशाली दाराशी ठेवायची. आंघोळीला आणि संडासला ती आम्ही आसपास नसताना यायची. घरात आपण तिघं राहतो आहोत हे ओल्या टॉवेलावरून ओळखायचं, अशी वेळ आली.

शाळेला रोज सकाळी फोन करून कळवावं लागायचं. वैशालीला फोनवरचं जपानी झेपत नाही, म्हणून ते माझ्याकडे. 'प्रज्ञाचा बाबा बोलतोय. आजही तिला सुट्टी द्यावी ही विनंती.' पलीकडून तिचे वर्गशिक्षक अतिशय नम्रपणे म्हणायचे, 'समजलं. तब्येतीची काळजी घ्या.' रोज तेच वाक्य, त्याच सुरात. ते एकदा तरी माझ्यावर खेकसले असते तर बरं वाटलं असतं. आमच्या शाळेत पोरगं काही दिवस दिसलं नाही की मास्तर सायकल मारत घरी यायचे, अण्णांना चार शब्द सुनवायचे, पोराचा कान धरून घेऊन जायचे. इथं कुणी कुणाला सुनवत नाही. सगळे काळजी घ्या म्हणतात आणि दार अगदी हळू लावून घेतात.

आता तो फोनही राहिला नाही. या वसंतात शाळेनं सांगितलं, रोज कळवायचा त्रास तुम्हाला नको, ज्या दिवशी येणार असेल त्या दिवशी तेवढं कळवा. आमची सोय बघूनच सांगितलं. मी कमरेत वाकून आभार मानले. मग स्टेशनवर येऊन फलाटावरच्या बाकावर बसलो आणि समोरून गाड्या जाऊ दिल्या.

शाळा घराच्या इतकी जवळ, की तिची घंटा आमच्या हॉलमध्ये ऐकू येते. लाउडस्पीकरवरची सुरेल घंटा, ठण नाही. त्या सप्टेंबरात मैदानावर क्रीडादिनाची तालीम चालायची. शिट्ट्या, ढोल, मुलांचं एका सुरात ओरडणं. घंटा झाली की ओशिइरेच्या दाराला राहिलेली बोटभर फट आतून बंद व्हायची. घंटा संपली की थोड्या वेळानं पुन्हा बोटभर उघडायची. मी घरी असलो की त्या फटीकडे बघत बसायचो. दुसरं बघायला होतं काय?

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल असतो. 'काय रं दीपक, पोरगी दिसंना?'

'झोपलीय.'

'ह्या वक्ताला? आजारी हाय व्हय?'

'जरा सर्दी झालीय.'

'गेल्या रविवारी बी सर्दीच हुती की. औषिद दे लेका. का जपानात औषिद मिळत न्हाई?' आणि मग वैशालीकडे वळून, 'सूनबाई, ह्याला काय कळत न्हाई बघ. तू आल्याचा काढा दे पोरीला.'

वैशाली पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात करून हसली, 'देते हो अण्णा,' म्हणाली, आणि कॉल बंद झाल्यावर खरंच आलं किसायला घेतलं. किसतच राहिली.

अशातच एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना माझ्या फोनवर प्रज्ञाचा मेसेज आला. कपाटातून. कित्येक दिवसांत तिनं आपणहून काही लिहिलं नव्हतं. जपानीत एकच ओळ होती: 'मिडी कीबोर्ड हवा.' मागे नाही, पुढे नाही.

मी त्या 'हवा'कडे बघत राहिलो. आवडीची भाजी नको, मैत्रिणी नको, वाढदिवसाला केक नको, खिडकी उघडायला नको असं म्हणणाऱ्या पोरीला काहीतरी हवं होतं. समोर कुणीतरी माझं मत विचारत होतं. मी काय बोललो ते मला आठवत नाही.

ही वस्तू काय असते ते मला माहीत नव्हतं. आमच्या टीममध्ये केतन म्हणून पुण्याचा एक आहे. इथल्या गणपतीत गाणी बसवतो, घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करतो. त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

'अरे, त्याला स्वतःचा आवाजच नसतो,' केतन म्हणाला. 'मुका असतो. पट्टी दाबलीस की लॅपटॉपला फक्त कळतं, कुठली दाबली आणि किती जोरात दाबली. मग तिथं पियानो वाजवायचा, सनई वाजवायची की कुत्रं भुंकवायचं, ते लॅपटॉप बघणार.'

'मग आपण विकत काय घेतो? नुसत्या पट्ट्या?'

'नुसत्या पट्ट्या. इथं घरात पेटी वाजवलीस तर शेजारी उद्या इमारतीच्या ऑफिसात जातील. म्हणून लोक हेच घेतात आणि हेडफोन लावतात. पंचवीस पट्ट्यांचा घे. मांडीवर मावतो. पोरं तसलाच वापरतात.'

'पियानोला किती असतात?'

'अठ्ठ्याऐंशी.'

'म्हणजे पंचवीस म्हणजे पावसुद्धा पुरता नाही.'

'दीपक-सान,' केतन डबा बंद करत म्हणाला, 'पोरीला गाणी करायचीत. तू तिला कारखाना काढून देणार आहेस का?'

केतन चांगल्या घरचा आहे. चांगल्या घरचा म्हणजे, त्याच्या आजोबांनीही कॉलेज केलेलं. त्याला आमची एक रीत ठाऊक नाही. आमच्याकडे पोराला कुठलीही वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. गणवेशाची चड्डी गुडघ्याच्या खाली, शर्टाच्या बाह्या दुमडून कोपरावर, चप्पल टाचेच्या मागे बोटभर. कुणी हसायचं नाही, सगळ्यांचे अवतार तेच. दुकानदार मापाचं काढायला लागला की आई म्हणायची, 'त्यो नगं, वाढत्या अंगाचा दावा.' पैशाची काटकसर होतीच. पण मला वाटतं त्यात आणखी काहीतरी होतं. बरोबर मापाचा कपडा घेणं म्हणजे पोर आहे तेवढंच राहणार असं आपल्या तोंडानं म्हणणं. मी त्या ढगळ शर्टांत वाढलो आणि वाढून दाखवलं.

पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड माझ्या डोळ्यांसमोर आला तो असा, मापाचा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या पोरीच्या मापाचा.

मग मी अभ्यासाला बसलो. जाता-येता गाडीत व्हिडिओ बघितले, जपानी गिऱ्हाइकांची मतं वाचली, रकाने पाडून तक्ता केला. हलक्या पट्ट्या, अर्ध्या जड पट्ट्या, पियानोसारख्या हातोडीच्या जड पट्ट्या. चिमुकल्या पट्ट्या आणि पूर्ण रुंदीच्या. फिरवायची बटणं किती, बडवायचे चौकोन किती. छोट्या कीबोर्डाला सप्तक वर-खाली सरकवायचं बटण असतं, त्यामुळे घरच्या रेकॉर्डिंगला तेवढ्यात भागतं, असं जो तो लिहीत होता. वाचलं. पटवून घेतलं नाही. मी बारावीलाही इतकं मन लावून वाचलं नसेल, कारण बारावीला नापास झालो असतो तर फार तर मागावर गेलो असतो.

'तिला विचारलंत का, कुठला हवाय?' वैशालीनं विचारलं.

'विचारलं तर बेत्सुनी म्हणेल.'

'म्हणू दे. विचारा तर.'

मी विचारलं नाही. मी तिला काही शब्द दिला नव्हता आणि तिच्याकडून घेतलाही नव्हता. पण मनातल्या मनात मी सौदा पक्का करून टाकला होता. हे आलं की ती बाहेर येणार. बाहेर आली की आमच्यात बसणार. बसली की बोलणार. बोलली की बूट.

दुकानातल्या मुलीनं मला फक्त एवढंच विचारलं, 'कुठे ठेवणार आहात?' मी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या, हातोडीच्या, घरात ठेवला तर निम्मी भिंत खाणाऱ्या कीबोर्डापुढे उभा होतो. म्हणालो, 'हॉलमध्ये. टेबलावर. उजेडात.' तिनं हसून मान डोलावली. उजेडात कशाला म्हणालो ते तिला कळलं नसेल. ओशिइरेचं माप मी घरी टेप लावून घेतलं होतं. तिथं मावणारी वस्तू मला घ्यायचीच नव्हती.

खोकं आलं तेव्हा ते दारातून आत वळेना. आणणाऱ्या माणसानं बूट काढून, मोजे वर ओढून, ते उभं-आडवं करत आत आणलं आणि आमच्या जेवायच्या टेबलावर ठेवलं. टेबल संपलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवू लागलो, इचलकरंजीसारखं. थर्मोकोलचे कुरकुर आवाज, टेप फाडल्याचा आवाज, आणि त्यातच माझ्या पाठीमागे ओशिइरेचं दार सरकलं.

ती आली. बोटांच्या पुढे गेलेल्या बाह्यांचा स्वेटशर्ट, केस एका बाजूला चपटे झालेले. उजेडानं डोळे बारीक केलेले. तिनं कीबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

'देकाई,' ती म्हणाली. केवढा मोठा.

मला ते कौतुक वाटलं. 'मग! पूर्ण आहे. पियानोला असतात तितक्या सगळ्या. आयुष्यभर पुरेल.'

तिनं एक टोक दोन्ही हातांनी उचलून बघितलं. हललं नाही. मग तिनं एकदा ओशिइरेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

'आत नाही मावणार,' जपानीत.

'आत कशाला? इथं बस की. खुर्ची आहे. खिडकी आहे. मी नाही बघणार तुझ्याकडे, मी पाठ फिरवून बसतो, बस?'

तिनं माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी ओळखला असता, माझ्या घरात राग भरपूर होता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दवाखान्यात बघितलंय, डॉक्टर बाहेर येऊन काही न बोलता पुढे जातात तेव्हा बाकावरच्या माणसांच्या चेहऱ्यावर. ती आत गेली. दार लागलं, आणि बोटभर फटही राहिली नाही.

त्या संध्याकाळी आमची इमारत किती शांत आहे हे मला पहिल्यांदा कळलं. वरच्या घरातला फ्रीज ऐकू येत होता.

'अहो, पंचवीसवाला आणला असता तर?' वैशाली म्हणाली.

'तिनं कुठे सांगितलं होतं किती पट्ट्यांचा ते?'

'म्हणून विचारा म्हटलं होतं.'

'विचारून विचारून शाळेत गेली का ती? महिनाभर विचारतोच आहोत.'

वैशालीनं भांडं खाली ठेवलं. 'तुम्हाला कीबोर्ड नव्हताच घ्यायचा. तुम्हाला गळ टाकायचा होता.'

मी जमिनीवरचे थर्मोकोलचे तुकडे गोळा करायला लागलो. खोटं नव्हतं ते. पण पोर बुडताना बापाच्या हातात जे येईल ते तो टाकतो. गळ असो, दोर असो, स्वतःचा सदरा असो. हे मी तेव्हाही म्हटलं असतं आणि आजही म्हणतो.

पुढच्या आठवड्यात वादळ आलं. पाऊस आडवा लागत होता, गाड्या बंद, ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं. वादळ ओसरल्यावर खाली उतरलो तर झाडावर एकही फूल नव्हतं. कुंपणाच्या कडेनं केशरी चिखल झालेला आणि एक म्हातारे गृहस्थ पिवळे हातमोजे घालून तो झाडूनं गोळा करून पिशवीत भरत होते. वास तर केव्हाच गेला होता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

वैशालीनं कीबोर्डावर पांढरी चादर घातली होती, धूळ बसू नये म्हणून. हॉलमध्ये लांबलचक काहीतरी पांढऱ्या चादरीखाली पडलेलं. मला ते बघवेना. मी सकाळी चादर काढायचो, ती दुपारी घालायची. केतन म्हणाला, 'माझा छोटा पडलाय घरी. घेऊन जा, तुझा मला दे. दोघांचंही काम होईल.' मी म्हणालो, 'राहू दे.' तो म्हणाला, 'अरे, पण...' मी म्हणालो, 'राहू दे म्हटलं ना!' कॅन्टीनमधल्या दोन-तीन जणांनी वळून बघितलं. केतननं पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि क्रिकेटचं काहीतरी बोलायला लागला.

तो छोटा कीबोर्ड मी का आणला नाही, याचं मला आजही नीट उत्तर देता येत नाही. आणला असता तर ती तो घेऊन आत गेली असती, खूश झाली असती कदाचित. पण मी स्वतःच्या हातानं तिला आत राहायचं सामान पुरवलं असतं. एखाद्या बापाला जमत असेल. मला जमलं नसतं. हे लिहिताना मला दिसतंय की मीही तिच्यासारखंच जमत नाही म्हणतोय. असू दे.

आज प्रज्ञाच्या वर्गातली मुलं हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करताहेत. संध्याकाळी क्लासच्या बॅगा पाठीला लावून ती कोम्बिनीसमोर, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानासमोर, उभी असतात, गरम पाव खातात, एकमेकांना ढकलतात. त्यांतली एक-दोघं मला ओळखतात, मान झुकवतात. तिचं काय, असं विचारत नाहीत. चांगल्या वळणाची मुलं आहेत. ऑफिसात नवीन आलेले मराठी लोक विचारतात, 'मुलगी कितवीला?' मी इयत्ता सांगतो. इयत्ता खरी आहे, तिचं नाव अजून हजेरीत आहे. पुढचा प्रश्न यायच्या आत मी त्यांना भाजी कुठं स्वस्त मिळते ते सांगायला लागतो. पुढच्या वसंतात ती इयत्ताही संपेल. मग काय सांगणार आहे मी? आईवडिलांच्या पिढ्यांनी वर चढवून ठेवलेला दगड माझ्या हातून घरंगळतोय आणि मी तो पायानं अडवून उभा आहे, असं मला रोज सकाळी दाढी करताना वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरच्या शेवटी मी एक नवीनच गोष्ट करायला लागलो होतो. शाळेला फोन झाला की ऑफिसला निघायच्या आधी त्या कीबोर्डासमोर बसायचं. कुठली वायर जोडलेली नाही, वीज नाही. नुसत्या पट्ट्या. दाबली की खोल जायची आणि तळाला ठप असा लाकडी आवाज व्हायचा, बंद. पुढची. ठप. हाताला काहीतरी उद्योग. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर डोकं फिरलं म्हणाले असते, आणि ते फार चुकले नसते. वैशाली स्वयंपाकघरातून बघायची.

मग एका सकाळी मी फोन ठेवून वळलो तर चादर आधीच बाजूला काढलेली होती, चौघडी घालून खुर्चीवर ठेवलेली. कीबोर्डाच्या पाठीमागून एक वायर निघाली होती. आमच्या प्रिंटरची लांब वायर, मी लगेच ओळखली. ती टेबलाच्या पायाजवळून खाली उतरून, जमिनीवरून, ओशिइरेच्या दाराशी गेली होती आणि तिथल्या फटीतून आत. कीबोर्डाच्या कोपऱ्यात बारीक लाल दिवा लागला होता. मी वैशालीकडे बघितलं. तिनं पिठाचे हात वर करून मान हलवली. म्हणजे तिनं नाही लावली.

मी बसलो. एक पट्टी दाबली. ठप. दुसरं काही मला ऐकू आलं नाही. आतूनही काही नाही. शेजारची दाबली. ठप. मग आणखी एक, जरा जोरात.

'हळू!'

कागदी दारामागून आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. मराठीत.

मी हात मागे घेतला.

'बाबा, हळू दाब ना. कान दुखले माझे.'

'बरं,' मी म्हणालो. 'बरं, बरं. हळू.'

हळू दाबली. आत तिच्या हेडफोनमध्ये काय वाजलं असेल, पियानो की सनई की केतन म्हणाला तसं कुत्रं, देव जाणे. माझ्याकडे नुसती बोटाखाली खाली गेलेली पट्टी होती.

'परत.'

परत दाबली.

'आता बाजूची. काळी.'

'ही?'

'नाही... अं... मिगी. उजवी. हां, ती. धरून ठेव.'

मी धरून ठेवली. जड पट्टी, हातोडीची, पारखून घेतलेली. आत लॅपटॉपची टिकटिक चालली होती, ती काहीतरी करत होती, माझ्या बोटाचं काहीतरी करत होती. वैशाली दारात येऊन उभी राहिली होती. गॅसवर तवा तापून धूर निघत होता आणि आम्ही दोघंही तिकडे गेलो नाही. माझी गाडी केव्हाच गेली असणार. मला वाटलं, हाच क्षण आहे, आता नाही तर कधीच नाही. वैशालीला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, ती जोरजोरात मान हलवून नको नको म्हणत होती. पण मी सरळ माणूस आहे, मनात एक आणि तोंडावर एक मला येत नाही.

'प्रज्ञा,' मी म्हणालो. 'उद्या जाऊया का गं शाळेत? मी येतो बरोबर. फक्त गेटपर्यंत. आत नाही गेलीस तरी चालेल.'

टिकटिक थांबली.

मी दाराकडे बघत होतो. दार हललं नाही. फट होती तेवढीच होती. लाल दिवा विझेल असं वाटून मी त्याच्याकडे बघितलं, तो चालू होता. वैशालीनं डोळे मिटून घेतले होते.

'बाबा.'

'काय गं? बोल.'

'सोडलीस तू. धरून ठेव म्हटलं होतं.'

मी खाली बघितलं. बोट खरंच वर आलं होतं. मी ती काळी पट्टी शोधली, आणि हळू दाबली.